‘शीर फुटली’ या दोन शब्दांचा माग

आमच्या राजूरला, कोळसाखाणीच्या वस्तीत, माणूस अचानक गेला की दोनच शब्द ऐकू येतात : ‘शीर फुटली.’ माझी आत्या गेली तेव्हाही तेच म्हणाले. आधी आठवडाभर डावा पाय सुजला होता. मग ओटीपोटात कळ आली आणि उजाडायच्या आत सारे संपले. त्या दोन शब्दांचा माग काढत मी पुढे बरेच वाचले.

सुश्रुताने सातशे सिरा मोजल्या आणि रक्त थांबवण्याचे चार उपाय सांगितले : संधान, स्कंदन, पाचन, दहन. मोठ्या शिरेपुढे ते अपुरे. युरोपातही अशी शीर बांधून बंद करण्यावरच भर होता. १८८२ मध्ये जर्मनीत मॅक्स शेडे यांनी मांडीच्या शिरेचा छेद टाके घालून शिवला. पण ही विद्या रुळली नव्हती. २४ जून १८९४ रोजी लियॉन शहरात फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुरीहल्ला झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली होती. नामांकित सर्जन जवळ असूनही काही तासांत ते गेले. तिथेच शिकणाऱ्या अलेक्सिस कॅरेल या तरुणाला ही हार पटली नाही. त्याने भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुईची कला घेतली आणि १९०२ मध्ये रक्तवाहिन्या जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. १९१२ मध्ये त्याला नोबेल मिळाले.

सुरीचा घाव निदान दिसतो. आपोआप फुटलेली शीर दिसत नाही. हा विकार दुर्मिळ. नोंदलेले रुग्ण बहुतेक स्त्रिया आणि फुटलेली शीर बहुधा डाव्या पायाचे रक्त वर नेणारी, कटिभागातली. तिच्यावरून उजवी धमनी जाते. या दाबाचे वर्णन मे आणि थर्नर यांनी १९५७ मध्ये केले. दाबाने रक्त साकळते, पाय सुजतो. क्वचित शीर फाटते. साठलेले रक्तच काही काळ त्या चिरेला दाबून धरते. पोट उघडताच तो दाब सुटतो आणि रक्त उसळते. म्हणून सर्जन आधी बोटाने चीर दाबतो, मग बारीक धाग्याने शिवतो. न जमल्यास शीर बांधतो. अलीकडे काही रुग्णांत आतून आच्छादित स्टेंटही बसवतात.

आत्याचे शवविच्छेदन झाले नाही. पण आता वस्तीत कुणी ‘शीर फुटली’ म्हटले की मी विचारतो, कोणती? आणि कुण्या बाईचा एकच पाय अचानक सुजला असे कळले, तर शेक-लेप नको, आजच दवाखान्यात न्या, म्हणून मागे लागतो.