गोकर्ण
गोकर्ण : कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील (ता. कुमठा) अरबी समुद्राकाठचे शैव क्षेत्र. गंगावळी व अघनाशिनी या नद्यांच्या मुखांदरम्यान वसले आहे. कालिदासाच्या रघुवंशात याचा उल्लेख येतो. मराठी भाविकांना ते परिचित झाले ते मुख्यतः गुरुचरित्रामुळे. त्यातील कथेनुसार, शिवाकडून मिळविलेले आत्मलिंग रावण लंकेला नेत असता, संध्यावंदनाच्या वेळी त्याने ते बटुवेशातील गणपतीच्या हाती दिले. गणपतीने ते भूमीवर ठेवताच तिथेच रुतले. रावणाला उपटता न आलेले हे लिंग म्हणजे महाबळेश्वर. संतापून त्याने मारलेल्या ठोशाची खूण जवळच्या महागणपतीच्या मस्तकावर दाखवितात. मुरुडेश्वर या शैव क्षेत्राची कथाही याच प्रसंगाशी जोडलेली आहे. कोटितीर्थ हा मोठा तलाव, महाशिवरात्रीचा रथोत्सव व ॐ आकाराचा किनारा प्रसिद्ध. या किनाऱ्यावर आता यात्रेकरूंपेक्षा पर्यटकच अधिक दिसतात.