जिम, पांडुरंग आणि मेसचं बिल

आमच्या वारूळवाडीतून पुण्याला शिकायला निघालेल्या मुलाला नारायणगावच्या स्टँडवर सारं घर पोचवायला येतं. मलाही आलं होतं. म्हणूनच ‘लकी जिम’ हा १९५७ सालचा इंग्रजी चित्रपट पाहताना मी जरा जपूनच हसलो. त्यातला जिम डिक्सन इतिहासाचा कच्चा अधिव्याख्याता. नोकरी पक्की व्हावी म्हणून प्रोफेसरसाहेबांची मर्जी सांभाळता सांभाळता मेटाकुटीला आलेला. शेवटी जुन्या सुखी इंग्लंडवर जाहीर व्याख्यान द्यायला उभा राहतो, तो चक्क झोकून! मूळ कादंबरी १९५४ची, किंग्जली एमिसची. गंमत म्हणजे तेव्हा एमिस स्वतः स्वान्सीला प्राध्यापकीच करत होते.

आपल्याकडे हा मान १९६३च्या ‘कोसला’चा. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीत. त्यांचा पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याच्या कॉलेजात येतो, होस्टेलच्या मेसचा सेक्रेटरी होतो आणि बापाच्या पैशाला सुरुंग लावतो. (मेसचा हिशेब मीही एक महिना ठेवलाय. त्यातले ५६ रुपये अजून जुळत नाहीत, आणि मी बँकेत आहे!) पुढे नेमाडेही प्राध्यापकच झाले.

पण कादंबरीतल्या जिमला नोकरी गेल्यावर लंडनला दुसरी, बरी मिळते. पांडुरंग पदवी न घेताच गावी परततो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी आपटलो तेव्हा मीही असाच यष्टीतून उतरलो. वडील स्टँडवर उभे. म्हणाले, “जेवलास का?”

निकालाचं त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.