धूर, ओलं सरपण आणि डीएनए

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने पेशीविज्ञानावर बोलायचं कारण काय? प्रश्न रास्त आहे. आम्ही तीसेक वर्षं वर्गात न्यायशास्त्र शिकवलं आणि त्या सगळ्या काळात आमचं उदाहरण एकच होतं: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. मुलं कंटाळायची. निवृत्तीनंतर हौसेखातर जीवशास्त्राचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा लक्षात आलं की त्याहून चांगलं उदाहरण न्यूमोनियाच्या जंतूंमध्ये पडून होतं आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात लंडनमध्ये होते. फ्रेडरिक ग्रिफिथ नावाचे एक अबोल डॉक्टर तिथे आरोग्य मंत्रालयाच्या प्रयोगशाळेत काम करीत. त्यांचा विषय न्यूमोकॉकस, म्हणजे न्यूमोनिया करणारा जिवाणू. त्याची दोन रूपं असतात. एकाच्या अंगावर साखरेचं जाड कवच असतं, त्याची वसाहत बशीत गुळगुळीत दिसते आणि उंदराला टोचला तर उंदीर मरतो. दुसऱ्याला कवच नसतं, तो खडबडीत दिसतो आणि उंदराचं काही बिघडवत नाही. ग्रिफिथ यांनी कवचवाले जंतू उष्णतेने मारले आणि उंदरांना टोचले, उंदीर ठणठणीत. नुसते जिवंत खडबडीत टोचले, तरी ठणठणीत. मग दोन्ही एकत्र टोचले, आणि उंदीर मेले. त्यांच्या रक्तात जिवंत, कवचधारी जंतू सापडले. बरं, कवच कुठलं? मेलेल्या जंतूंच्या प्रकाराचं! म्हणजे मेलेल्याकडून जिवंताला काहीतरी मिळालं, आणि ते पुढच्या पिढ्यांतही उतरत राहिलं. हा निबंध 1928 साली छापून आला.

आता न्यूयॉर्कला जाऊ. तिथल्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयात ऑस्वाल्ड एव्हरी याच जिवाणूवर 1913 पासून काम करीत होते. जन्म 1877, कॅनडातल्या हॅलिफॅक्सचा, वडील धर्मोपदेशक. लहान चणीचे, अविवाहित, कुठे फारसे न जाणारे. सहकारी त्यांना प्रोफेसर या शब्दाचं लाडकं रूप करून 'फेस' म्हणत. कवच साखरेचं असतं हे त्यांनी आणि मायकेल हायडलबर्गर यांनीच दाखवलं होतं. जंतूचे प्रकार पक्के असतात, ते असे बदलत नाहीत, ही त्यांची धारणा. त्यामुळे ग्रिफिथ यांचा निष्कर्ष त्यांना पटला नाही. पण त्यांच्याच प्रयोगशाळेत डॉसन यांनी प्रयोग करून पाहिला, तो जमला. पुढे उंदराची गरज उरली नाही, काचेच्या नळीतही रूपांतर घडू लागलं. 1932 मध्ये ॲलोवे यांनी तर जंतू फोडून, गाळून, पेशीविरहित अर्कानेच ते घडवलं. त्या अर्कात काहीतरी होतं. काय होतं?

इथून पुढे जे झालं त्याला दहा-बारा वर्षं लागली. आधी कॉलिन मॅक्लिऑड आले, मग 1941 मध्ये मॅक्लिन मॅकार्टी. जंतू थोडेथोडके पुरत नसत, पन्नास-पन्नास लिटरची वाढ घ्यावी लागे. दुधातून साय वेगळी काढणाऱ्या यंत्रासारखं एक फिरतं यंत्र वापरून जंतू जमवत, आणि त्या यंत्रातून जिवंत रोगजंतूंचा फवारा खोलीत उडायचा धोका होता, म्हणून त्याला बंदिस्त पेटी करावी लागली. अर्कातून प्रथिनं काढली, कवचाची साखर विकराने पचवून टाकली. शेवटी राहिलेल्या द्रावात थेंब थेंब अल्कोहोल टाकत ढवळायचं. एका विशिष्ट प्रमाणाला पांढरे तंतू सुटायचे आणि काचेच्या कांडीभोवती गुंडाळले जायचे, रिळावर दोरा गुंडाळावा तसे. हे वर्णन एव्हरींनी 1943 च्या मे महिन्यात भाऊ रॉय यांना लिहिलेल्या पत्रात आहे. तो दोरा म्हणजे डीएनए. साठ कोटी भागांत एक भाग इतका विरळ केला तरी काम करायचा!

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. नैयायिक कार्यकारण कसं ठरवतात? अन्वय आणि व्यतिरेक. ते असेल तर हे असतं. ते काढलं की हेही जातं. एव्हरींनी नेमकं हेच केलं. प्रथिनं पचवणारे ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन टाकले, रूपांतराची शक्ती तशीच. आरएनए तोडणारं विकर टाकलं, शक्ती तशीच. मात्र डीएनए तोडणारी तयारी टाकली की शक्ती नाहीशी. 1 फेब्रुवारी 1944 ला निबंध प्रसिद्ध झाला. जनुक डीएनएचं असतं अशी घोषणा त्यात नाही. भावाला लिहिताना मात्र जनुकाची शक्यता ते बोलून गेले आहेत आणि लगेच स्वतःला आवरलं आहे. बुडबुडे उडवायला मजा येते, पण दुसऱ्याने फोडण्याआधी आपणच फोडून पाहावेत, अशा अर्थाचं काहीसं.

दुसरेही फोडायला आलेच. आल्फ्रेड मिर्स्की, त्याच संस्थेतले. त्यांचं म्हणणं, तुमचा डीएनए कितीही शुद्ध असो, त्यात एक-दोन टक्के प्रथिन लपलेलं असू शकतं, आणि खरं कारण तेच असेल. आम्ही हे वाचलं आणि खुर्चीतून उठलो. अहो, हा तर उपाधीचा आक्षेप! अग्नी आहे म्हणून धूर आहे असं म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडाला धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. दिसतं ते कारण वेगळं आणि लपलेली अट वेगळी. मिर्स्कींना आज अडवणूक करणारे म्हणून रंगवतात, ते आम्हाला पटत नाही. त्या काळात प्रथिनांत वीस प्रकारचे घटक, तर डीएनएत चारच, आणि तेही एकाच ठराविक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात असं फीबस लेव्हीन यांच्यामुळे मानलं जाई. चार अक्षरांचा एकच शब्द सतत गिरवून कुठला ग्रंथ लिहिणार? शंका घेणं त्यांचं कर्तव्य होतं.

पण शंकेला हद्द असते. उदयनाचार्यांनी ती सांगितली आहे: ज्याला धूर हवा असताना तो स्वतः विस्तवच पेटवतो, त्याने विस्तव धुराचं कारण आहे का अशी शंका घेऊ नये. मॅकार्टींनी 1946 मध्ये डीएनए तोडणारं विकर शुद्ध केलं, त्यानेही शक्ती गेली. हॉचकिस यांनी 1949 पर्यंत प्रथिनाचं प्रमाण 0.02 टक्क्यावर आणलं. तरी शंका चालूच. आणि गंमत बघा. 1952 मध्ये हर्शी आणि चेस यांनी विषाणूंवर तो प्रसिद्ध प्रयोग केला, स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा. त्यात प्रथिनाची खूण असलेल्या गंधकाचा सुमारे वीस टक्के भाग जिवाणूंना चिकटूनच राहिला होता. कुठे 0.02 आणि कुठे वीस! पण तो प्रयोग लोकांना पटला, कारण तोवर मनं तयार झाली होती. तयार कोणी केली, हे वेगळं सांगायला नको.

हर्शींना 1969 मध्ये नोबेल मिळालं. एव्हरींचं नाव अनेकदा सुचवलं गेलं, पण डीएनएचेच जाणकार असलेले स्वीडनचे आयनार हामरस्टेन थांबा म्हणत राहिले. एव्हरी 1948 मध्ये भावाजवळ नॅशव्हिलला राहायला गेले आणि फेब्रुवारी 1955 मध्ये वारले. दुहेरी सर्पिलाची बातमी त्यांच्या हयातीत आली होती. ग्रिफिथ मात्र एप्रिल 1941 मध्येच लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात गेले होते. त्या उंदरांत काय उतरलं होतं ते त्यांना कळलंच नाही.

1944 चा तो निबंध वाचून एका माणसाने मात्र आपल्या प्रयोगशाळेतलं काम तिथल्या तिथे बदललं. ते एर्विन शारगाफ. चार अक्षरं खरोखर एकाच क्रमात गिरवलेली आहेत का, हे मोजायला ते बसले. त्यांनी काय मोजलं ते पुढच्या वेळी पाहू.