पोस्टमास्तरची नोकरी

आपल्या १९९६ च्या दहावीच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना मी ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे एवढंच माहीत आहे. प्रत्यक्षात इंजिनिअर झाल्यावर पहिली दहा-बारा वर्षं मी पोस्टमास्तर होते, आणि हे गमतीने म्हणत नाही. ई-मेलच्या १९८२ सालच्या नियमांतच असं आहे, की मेल स्वीकारणाऱ्या प्रत्येक ठिकाणी ‘पोस्टमास्टर’ नावाचा पत्ता हवा आणि त्यावर आलेलं वाचणारं कुणीतरी जबाबदार हवं. पुण्यातल्या आमच्या कंपनीत ती जबाबदारी माझी होती.

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अमेरिकेत शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये पहिला मेल पाठवला. ‘ॲट’चं गोल चिन्हही त्यांचंच. पण पुढे जाळी अनेक झाली आणि प्रत्येकीची पत्ता लिहिण्याची तऱ्हा वेगळी. बर्कलीच्या एरिक ऑलमन यांनी सगळ्या तऱ्हा समजणारा ‘सेंडमेल’ हा प्रोग्राम लिहिला. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पोचवण्याचे नियम, म्हणजे एसएमटीपी, प्रसिद्ध केले. दोन सर्व्हर अगदी साध्या शब्दांत बोलतात: मी अमुक, हे पत्र तमक्याकडून, तमुकसाठी. समोरचा आकड्यात उत्तर देतो. दोनने सुरू होणारा आकडा म्हणजे मिळालं, चारने म्हणजे आत्ता नाही, थोड्या वेळाने या, आणि पाचने म्हणजे नाहीच. चार आला की पत्र रांगेत थांबतं आणि सर्व्हर चार-पाच दिवस पुन्हापुन्हा दार वाजवतो. सकाळी चहाआधी मी ही रांग बघायची.

आपल्याकडे याची सुरुवात दिल्लीत नाही, मुंबईत झाली. १९८६-८७ च्या सुमारास पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी ही संस्था यांच्यात साध्या टेलिफोन लाइनवरून मेलची देवाणघेवाण सुरू झाली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. आपण तेव्हा दहावीत होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता.

एसएमटीपीत एक मोठी उणीव होती. पाठवणाऱ्याचं नाव कुणी तपासत नसे, पाकिटाच्या मागे कुणाचंही नाव लिहावं तसं. सगळे एकमेकांच्या ओळखीचे होते तोवर चाललं. २ नोव्हेंबर १९८८ ला एका विद्यार्थ्याने सोडलेला ‘मॉरिस वर्म’ सेंडमेलमधल्याच एका उघड्या राहिलेल्या सोयीचा फायदा घेऊन हजारो यंत्रांत शिरला. दहा वर्षांनी वीत्सा वेनेमा यांनी ‘पोस्टफिक्स’ काढला. एकच सर्वाधिकारी प्रोग्राम न ठेवता त्यांनी कामं छोट्याछोट्या प्रोग्राममध्ये वाटली आणि प्रत्येकाला लागेल तेवढाच अधिकार दिला. मला हा त्या काळातला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो. सेंडमेलची सेटिंगची फाइल ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी दिसायची.

मी २००२ मध्ये रुजू झाले तेव्हा आमच्याकडे पोस्टफिक्सच होता. काम म्हणजे डिस्क भरत आली की जागा करायची, बॅकअप नुसता घ्यायचा नाही तर उघडून बघायचा, स्पॅम अडवायचा. एकदा ऑफिसातल्या एका व्हायरस लागलेल्या मशिनमुळे आमचा सर्व्हरच काळ्या यादीत गेला आणि तीन दिवस ग्राहकांची टेंडरं अडकली. यादीतून नाव काढायला मी अनोळखी लोकांना अर्ज लिहीत बसले होते.

पण खरी कसोटी वेगळीच होती. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळ्यांचे मेल उघडता येतात. एका वरिष्ठांनी हाताखालच्या मुलीचे मेल ‘जरा बघून सांग’ म्हटलं. मी म्हटलं, लेखी द्या, एचआरची सही घेऊन द्या. ते कागद घेऊन परत आले नाहीत. पगारवाढीत ते जाणवलं, असो.

पुढे कंपनीचे मेल क्लाउडवर गेले. ते योग्यच होतं. आज एसपीएफ, डीकेआयएम ही ओळखपत्रं नीट नसतील तर मोठ्या कंपन्या मेल घेत नाहीत. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने घाऊक पाठवणाऱ्यांना ती सक्तीचीच केली. छोट्या सर्व्हरला दार उघडणं अवघड झालं आहे. पण आता कुणाचे मेल कुणी मागितले, तर ‘लेखी द्या’ म्हणणारं माणूस कुठे बसलंय, हे निदान आमच्या ऑफिसात कुणाला सांगता येत नाही.

जाता जाता कामाचं. आपल्या स्नेहमेळाव्याच्या निमंत्रणांपैकी नऊ परत आली. मी तपासली. सगळी पाचशे पन्नासची आहेत, म्हणजे ते पत्ते बंद झालेत, पुन्हा पाठवून उपयोग नाही. त्या नऊ जणांची नावं समितीकडे आहेत. कुणाकडे त्यांचे फोन नंबर असतील तर कळवा.