गोरखचिंचेची साल

वसईच्या किल्ल्यात मी पहिल्यांदा गेलो तो आठव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुटीत, दादाचे बोट धरून. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये हा किल्ला पोर्तुगीजांकडून कसा घेतला, ते तो रंगवून सांगत होता. माझे लक्ष मात्र एका झाडावर खिळले होते. हत्तीच्या पायासारखा बुंधा, तशीच राखी, सुरकुतलेली साल. अंगावर पान नाही. कुणी उपटून, डोके खाली नि मुळे वर करून पुरल्यासारखे! आफ्रिकेत, त्याच्या माहेरी, देवाने रागावून ते उलटे लावले अशी कथाच आहे.

आपल्याकडे ते गोरखचिंच झाले. गोरखनाथांनी त्याच्या सावलीत शिष्यांना उपदेश केला म्हणून गोरख, आणि फळातला गर आंबट म्हणून चिंच. एरवी चिंचेशी त्याचे नाते नाही. परक्याला आपला जोगी देऊन घरात घ्यायची ही रीत मला फार आवडते. ते आणल्याचे श्रेय कुणी अरबांना देतात, कुणी हबशांना, कुणी पोर्तुगीजांना. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने हा वाद गोडीने मिटवला : ते एकदा नव्हे, अनेकदा आले, आणि बरेचसे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून.

पण खरी मौज सालीची. वरचा पापुद्रा नखाने खरवडला, तर आत हिरवा थर दिसतो. पाने नसताना झाड त्यावरच थोडेफार अन्न करते. आफ्रिकेत दोरांसाठी ही साल सोलून नेतात. दुसरे झाड अशाने वाळून जाईल. हे नवी साल धरते.

मिशेल आदाँसाँ हा तरुण फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १७४९ मध्ये सेनेगलला गेला, तेव्हा किनाऱ्याजवळच्या बेटावर अशाच सालींवर त्याला पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या खलाशांची नावे आढळली. त्यावरून त्याने झाडाचे वय पाच हजारांवर नेले. अंदाज फारच फुगला. आजवर मोजलेले सर्वांत जुने झाड अडीच हजारांच्या आतबाहेर भरले. तरी लिनेअसने झाडाला नाव दिले ते त्याचेच.

दादाने त्या दिवशी चाकूने आमची दोघांची नावे कोरली. आज मी कुणाला तसे करू देणार नाही. पण तेव्हा हरखून गेलो होतो.

दादा दोन वर्षांपूर्वी गेला. गेल्या पौषात मी एकटाच वसईला गेलो. माझे नाव डोळ्यांच्या उंचीवर कितीतरी वेळ शोधत राहिलो; ते सापडले कमरेशी. झाड वाढते, पण कोरलेले जिथल्या तिथेच राहते, हे मी विसरलो होतो. जखम भरून अक्षरे जाड, रुंद झाली होती. वाकून त्यांवर बोट फिरवले. दादाने माझ्या नावात दिलेली चुकीची वेलांटी अजून तशीच होती.