किंक्रांतीचा भूकंप

15 जानेवारी 1934, संक्रांतीचा दुसरा दिवस. दुपारी दोनच्या सुमारास नेपाळ आणि बिहार हादरले. भूकंपाचं मूळ पूर्व नेपाळात, तरी दूरच्या काठमांडू, भक्तपूरमध्ये देवळं, वाडे कोसळले. का बरं?

काठमांडूचं खोरं म्हणजे पूर्वीचं तळं. मंजुश्रीने तलवारीने डोंगर कापून पाणी सोडलं, अशी तिथली कथा. तळ्याचा गाळ मात्र खराच, काही ठिकाणी पाचशे मीटर खोल. खरवसाच्या ताटाला धक्का द्या. ताट थांबतं, खरवस थरथरतच राहतो. कातळ म्हणजे ताट, गाळ म्हणजे खरवस. बिहारात सीतामढीकडे तर भिजलेली वाळू पातळ झाली, भेगांतून पाणी उसळलं, घरं कलली, खचली.

मग 25 एप्रिल 2015. या वेळी काठमांडूचा गाळ संथ डोलला, एकेक हेलकावा चार-पाच सेकंदांचा. असा झोका उंच बांधकामाला घातक. 1934 नंतर पुन्हा बांधलेला धरहरा मनोरा पुन्हा पडला, शहरातली बरीच बुटकी घरं टिकली. म्हणून कातळावर निर्धास्त राहावं का? नाही बाई! डोंगराच्या धारेवरही हादरा वाढतो, आणि सिंधुपाल्चोक, गोरखाकडे दगडमातीची घरं गावंच्या गावं बसली. नेपाळात सुमारे नऊ हजार माणसं गेली. हजारो वर्गखोल्याही पडल्या, पण तो शनिवार होता, आणि नेपाळात शाळांची सुट्टी शनिवारी असते.