उड्डाणपुलाखालील उद्याने व क्रीडांगणे

उड्डाणपुलाच्या खांबांमधील मोकळ्या जागेत चालणे, व्यायाम व खेळ यांसाठी सार्वजनिक उद्याने आणि क्रीडांगणे उभारली जातात. नवा भूखंड संपादन न करता दाट वस्तीतील नागरिकांना हालचालीसाठी जागा मिळवून देणे हा त्यांचा मुख्य हेतू असतो. मुंबईतील नानालाल डी. मेहता उद्यान आणि नवी मुंबईतील सानपाडा येथील क्रीडांगण ही महाराष्ट्रातील ठळक उदाहरणे होत.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा, तर ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार व्यायाम करावा. मोठ्या शहरांत यासाठी लागणारी मैदाने अपुरी पडतात. दुसरीकडे, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मुंबईत महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने अनेक उड्डाणपूल बांधले. त्यांच्याखालील जागा बहुधा वाहनतळ, भंगार साठवण किंवा कचरा यांसाठी वापरली जात असे.

महाराष्ट्रातील उदाहरणे

नानालाल डी. मेहता उद्यान : हे उद्यान माटुंगा येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील तुळपुळे उड्डाणपुलाखाली आहे. पुलाखालील जागेचा गैरवापर थांबावा यासाठी स्थानिक रहिवाशांनी पाठपुरावा केला. त्यानंतर बृहन्मुंबई महानगरपालिकेने उद्यान विकसित केले आणि २०१६ मध्ये ते नागरिकांसाठी खुले झाले. येथील सुमारे ६०० मीटर लांबीच्या पायवाटेला नर्मदा नदीच्या प्रवाहाप्रमाणे वळणे दिली आहेत. पुलाखालील हे मुंबईतील पहिले उद्यान मानले जाते.

सानपाडा क्रीडांगण : नवी मुंबईतील या जागेत क्रिकेट, बास्केटबॉल व बॅडमिंटनची सोय आहे. चेंडू रस्त्यावर जाऊ नये म्हणून मैदानांभोवती जाळ्या बसविल्या आहेत. २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील चित्रफितीमुळे हे क्रीडांगण देशभर परिचित झाले.

रचना

पुलाचा खांबांवर उभा असलेला भागच अशा वापरास योग्य ठरतो. दोन्ही टोकांचा भराव घातलेला चढ उपयोगात येत नाही. शहरी रस्त्यांवर पुलाखाली साधारणतः ५.५ मीटर मोकळी उंची ठेवली जाते. ती चालण्यास व सरावास पुरते. बॅडमिंटनच्या अधिकृत स्पर्धांसाठी मात्र याहून बरीच अधिक उंची लागते. पुलाच्या छतामुळे ऊन व पाऊस यांपासून संरक्षण मिळत असल्याने पावसाळ्यातही व्यायामात खंड पडत नाही. त्याच कारणाने झाडांना सूर्यप्रकाश व पावसाचे पाणी कमी मिळते. म्हणून सावलीत तग धरणारी झाडे लावून त्यांना नियमित पाणी द्यावे लागते.

गोंदियासारख्या रेल्वे जंक्शनच्या शहरांत उड्डाणपूल बहुधा लोहमार्ग ओलांडण्यासाठी बांधलेले असतात. तेथे रुळांलगतची जागा रेल्वेच्या, तर उर्वरित जागा अन्य शासकीय यंत्रणांच्या ताब्यात असू शकते. त्यामुळे कोणतेही काम करण्यापूर्वी जागेची मालकी निश्चित करणे आवश्यक असते.

मर्यादा

व्यायाम करताना श्वसनाचा वेग वाढतो आणि वाहनांचा धूर अधिक प्रमाणात शरीरात जातो. हवेतील २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांसाठी भारताची वार्षिक मर्यादा प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५ मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे अतिवर्दळीच्या रस्त्यावरील जागा निवडण्यापूर्वी तेथील हवेचे मापन उपयुक्त ठरते.

दुसरी अडचण पोहोचण्याची आहे. अशा जागेच्या दोन्ही बाजूंनी वाहतूक वाहत असते. सिग्नल व पादचारी पट्टे नसतील, तर लहान मुले आणि वृद्ध, म्हणजे ज्यांना जवळच्या मैदानाची सर्वाधिक गरज असते तेच, या सोयीपासून वंचित राहतात. याखेरीज पुलाखाली आसरा घेतलेल्या बेघर कुटुंबांची पर्यायी व्यवस्था न करता सुशोभीकरण केल्यास एका गटाची सोय दुसऱ्याच्या विस्थापनावर उभी राहते. प्रकाशयोजना, स्वच्छता व देखभाल यांची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नसल्यास जागा पुन्हा पूर्वस्थितीला जाण्याचा धोका असतो.

अन्य देशांतील उदाहरणे

कॅनडातील टोरोंटो येथे गार्डिनर द्रुतगती मार्गाखाली ‘द बेंटवे’ हे सार्वजनिक स्थळ जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाले. हिवाळ्यात तेथे बर्फावरील स्केटिंगची वाट असते. अमेरिकेतील पोर्टलंड येथे बर्नसाइड पुलाखाली स्केटबोर्ड खेळाडूंनी १९९० मध्ये स्वतःच मैदान बांधण्यास प्रारंभ केला व पुढे नगर प्रशासनाने त्यास मान्यता दिली.